'आमच्या गावाकडच्या आहेत,' असं मी आईबद्दल म्हणाले

पत्र

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. गाव सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून. आम्ही कोकणा आदिवासी. पहिली ते दहावी आश्रमशाळेत शिकले. मग नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. केलं, बँकेची परीक्षा दिली आणि आता इथल्याच एका शाखेत क्लार्क आहे. इंदिरानगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. आणि मी सांगत नाही. ऑफिसात 'कोट्यातल्यां'चा विषय निघाला की चहाचा कप घेऊन बाजूला होते.

गावी गेले की वेगळंच. चुलत बहिणी म्हणतात, 'मॅडम आल्या.' आमच्या बोलीत बोलायला जाते तर मध्येच पुस्तकी मराठी येतं आणि सगळ्या हसतात. आवणीला, म्हणजे भातलावणीला, उतरले तर काकू म्हणते, 'राहू दे, तुझी कंबर धरेल.' आजोबा थाळी वाजवत कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची, कथा सांगायचे तेव्हा मी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचे. आता कथा लागली की मला निम्मी समजते. ९ ऑगस्टला मैत्रिणीबरोबर आदिवासी दिनाच्या रॅलीला गेले, तर तिथेही मी बघायला आल्यासारखी कडेला उभी.

मागच्या महिन्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. अंगावर लुगडं आणि फडकी, डोळ्यावर पट्टी. जिन्यात घरमालकीण काकूंनी विचारलं, 'कोण गं?' माझ्या तोंडून निघालं, 'आमच्या गावाकडच्या आहेत.' आई दोन पायऱ्या खालीच होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिलाच विचारलं, तर म्हणाली, 'हां बाई, हिच्या गावचीच मी.' माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाही. चार दिवस राहिली, भांडी घासली, गेली. हीच आई २०१८ च्या शेतकरी मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली होती. तेव्हाही मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑफिसातला एक मुलगा मला आवडतो, मीही त्याला आवडते. त्याला वाटतं मी मराठा आहे. ताई, मी नक्की कुठली?

— ना इथली ना तिथली

उत्तर

प्रिय मुली,

'मी नक्की कुठली' हा प्रश्न तू शेवटी विचारलास. त्यावर मी बोलणार आहे, पण आधी आईचं. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, या गोष्टीला नाही.

बँकेला सुट्टी असलेला जो शनिवार आधी येईल, त्या दिवशी सकाळची एसटी पकड आणि गावी जा. हे फोनवर बोलायचं नाही. आईला एकटीला गाठ. शेतावर चल म्हण, पाण्याला जाताना सोबत जा, कसंही कर, पण चुलत बहिणी आसपास नकोत. आणि सरळ सांग: 'काकूंनी विचारलं तेव्हा मी तुला आई म्हणाले नाही. मला लाज वाटली. माझं चुकलं.' एवढंच. भाड्याची खोली, शहरातली माणसं, ऑफिसातली बोलणी, यातलं काहीही त्याला जोडू नकोस. जोडलंस की ती तुझीच समजूत घालायला लागेल, आणि माफी मागायला गेलेली तू तिच्याकडून धीर घेऊन परत येशील.

ती बहुतेक 'जाऊ दे' म्हणेल. आपल्याकडच्या आया तसंच म्हणतात. तिच्या 'जाऊ दे'वर विषय मिटला असं समजून लगेच मोबाइल काढू नकोस. बसून राहा. दुखलं असेल तर ते तिला तिच्या वेळेने बोलू दे. रागावली तर रागावू दे. रडली तर 'रडू नकोस' म्हणू नकोस.

दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, ते तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला तिथून पुढे जाता आलं नाही. काकूंनी विचारल्यावर 'मी हिची आई' म्हणायला तिला काय लागलं असतं? तीन शब्द. पण मग लेक खोटी पडली असती, तिची खोली, तिची पत, सगळं धोक्यात आलं असतं, हे त्या बाईला त्या क्षणी कळलं आणि तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःला परकं करून टाकलं. तू एकदा नाकारलंस, तिने तुझ्यासाठी ते नाकारणं आपल्या अंगावर घेतलं. आणि एवढं होऊन चार दिवस ती वावरली मात्र आई म्हणूनच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाकून काम करू नका, डोळ्यात पाणी उडू देऊ नका, असं डॉक्टर बजावून सांगतात. गावाकडची पाहुणी कशाला पट्टी बांधल्या डोळ्याने तुझी भांडी घासत बसेल?

आता मोर्चाबद्दल. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून तो निघाला, तेव्हा तू इथेच वसतिगृहात होतीस. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबक, सगळीकडून माणसं आली होती. जवळपास १८० किलोमीटर, मार्चच्या उन्हात, कसारा घाट उतरून. कित्येकींच्या पायांत धड चप्पल नव्हती, टाचांची सालं निघालेली. ११ तारखेला मुंबईत शीवजवळ सोमय्या मैदानावर पोचले. तिथे खरं तर रात्रभर झोपायचं होतं. पण सकाळी दहावीची परीक्षा होती. आपण रस्त्यावर उतरलो तर मुलांना केंद्रावर पोचता येणार नाही, म्हणून ती थकलेली माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसली. कुणाच्या मुलांसाठी? मुंबईतल्या अनोळखी मुलांसाठी. त्या रात्री चालणाऱ्यांत तुझी आई होती.

आणि ती कशासाठी चालली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पिढ्यान्‌पिढ्या कसलेला वनप्लॉट कागदावर आपल्या नावाचा व्हावा म्हणून. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्याला ती मिळावी, जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि हक्काच्या कागदावर नवरा-बायको दोघांचीही नावं लागावीत. बाईचं नाव लागावं हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. सरकारने त्या वेळी लेखी आश्वासन दिलं, तरी २०१९ ला आणि २०२३ ला लोकांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. तुमच्या प्लॉटचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. गावी जाशील तेव्हा विचार. दावा कुठे अडकलाय, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत, मोजणी झाली का, जीपीएसचा नकाशा जोडलाय का, कुणाची सही राहिली आहे. तू बँकेत दिवसभर कागदच बघतेस. घरात असे कागद वाचता येणारी दुसरी कुणी आहे का? हे काम घे. आईबापांचा शहाणपणा आणि तुझं शिक्षण एका ठिकाणी येईल असं दुसरं काम मला सुचत नाही.

लाज कुठून आली, यावर थोडं बोलू या. ती तू जन्मताना घेऊन आली नाहीस. सहा वर्षांची पोर घर सोडून आश्रमशाळेत जाते. वर्गात पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा घरची बोली बाहेर पडते, आणि बाकं हसतात. पुस्तकातलं घर तिच्या घरासारखं नसतं, पुस्तकातली आई लुगडं-फडकीत नसते. दहा वर्षं हे चाललं की शिक्षण आणि लाज एकाच वेळी अंगात भिनतात, कुठलं कुठे संपतं ते मुलीला कळत नाही. मग ती नाशिकला येते. या शहराला पेठ-सुरगाण्याची माणसं दिसतात ती सकाळी सातला, पेठ नाक्याला आणि दिंडोरी नाक्याला, हातात डबा आणि पिशवी घेऊन रोजंदारीच्या गाडीची वाट बघत उभी असलेली. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, मग विरळणी, फेब्रुवारी-मार्चात काढणी. निफाड-दिंडोरीच्या बागा त्यांच्या हातांवर उभ्या आहेत. पण शहराला हात दिसतात, माणूस दिसत नाही. सगळ्या राज्याच्या आदिवासी विकासाचं आयुक्तालय याच शहरात आहे, जुन्या आग्रा रोडवर. तिथे वसतिगृहाच्या पोरांचा मोर्चा आला की लोकांना आठवतो तो फक्त ट्रॅफिक जाम.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तेव्हापासून कॉलेज रोडच्या दुकानांत नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं आणि पापड मांडून ठेवलेले दिसतात, शुगर असलेली माणसं हौसेने नागलीची भाकरी खातात. चांगलंच आहे. पण डोंगरउतारावर पालापाचोळ्याचा राब भाजून, भर पावसात वाकून ती नागली लावते कोण? धान्याला मान मिळाला, तो लावणाऱ्या बाईला अजून मिळायचा आहे. यात लाज वाटायची असेल तर ती शहराला वाटावी.

तुला कुणी म्हणेल, नाशिकमध्ये सगळेच बाहेरचे, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस. ते अर्धं खरं आहे. नाशिकरोडला नोटप्रेस आली १९२८ ला, ओझरला विमानांचा कारखाना आला १९६४ ला, सातपूर-अंबडला कंपन्या आल्या, फाळणीनंतर देवळालीला सिंधी कुटुंबं आली. सिडकोत संध्याकाळी फेरी मारली तर पाणीपुरीच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत अहिराणी कानावर पडते, तीही खणखणीत आवाजात. खानदेशी माणूस इथे आपलं खानदेशीपण लपवत नाही, उलट खापरावरचे मांडे करायला माणसं बोलावतो. पण म्हणून तुझं आणि त्याचं एकच आहे असं मी म्हणणार नाही. तो बाहेरचा ठरला तरी बरोबरीचा ठरतो. तुला बाहेरची ठरायची भीती नाही, तुला खालची ठरायची भीती आहे. ही भीती खरी आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत, आणि 'बिनधास्त सांगून टाक' असा सल्ला देणाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागत नाही.

म्हणून मी तुला दवंडी पिटायला सांगत नाही. बँकेत ज्याने-त्याने येऊन जात विचारावी आणि तू सांगावी, असं काही बंधन तुझ्यावर नाही. न सांगणं हा तुझा हक्क आहे. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. 'गाव कुठलं?' म्हटल्यावर 'सुरगाणा' म्हण आणि थांब. 'वणीजवळ', 'नाशिकजवळच' असं काही म्हणत असशील तर ते सोड. त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर 'आम्ही कोकणा' म्हण. हे वाक्य तोंडाला सवय नसलेलं आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला घसा कोरडा पडेल. मैत्रीण कोण आहे ती, रॅलीला बरोबर आलेली, तिच्यासमोर आधी मोठ्याने बोलून बघ.

कोट्याच्या बोलण्यावर एवढं सांगते. केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि राज्यात सात टक्के जागा आहेत, त्या घटनेने दिलेल्या आहेत, कुणाच्या ताटातून काढलेल्या नाहीत. परीक्षा तू दिलीस, जातपडताळणीचे हेलपाटे तू घातलेस, काउंटरवरची रांग तू सांभाळतेस. रोज वाद घालायची गरज नाही. पण चहाचा कप घेऊन बाजूला होऊ नकोस, तिथेच उभी राहा. कधी तरी, तुला वाटेल त्या दिवशी, 'मी त्याच कोट्यातून आले' एवढं म्हण आणि चहा पी. आवाज चढवायचा नाही. त्या टेबलावरचं पुढचं बोलणं कसं बदलतं ते बघ. बदललं नाही तर ती माणसं कशी आहेत ते तुला समजेल, आणि तेही उपयोगी आहे.

आता गावाकडचं. हे तू जरा जास्तच मनाला लावून घेतलंयस असं मला वाटतं. चुलत बहिणींचं हसणं आणि वर्गातल्या पोरांचं हसणं तुझ्या कानाला एकसारखं ऐकू येतं, कारण तो कान दुखावलेला आहे. पण बहिणी हसतात ती थट्टा आहे. त्यात थोडी असूया असेल, थोडी हुरहुर असेल, तरी त्या तुला आपल्यातली मानतात म्हणूनच हसतात. परक्या बाईच्या बोलण्याला कुणी हसत नाही, तिच्यापुढे सगळे नीट बोलतात. आणि काकू 'राहू दे' म्हणाली म्हणून तू बांधावर जाऊन बसलीस की काय? पुढच्या आवणीला तिचं ऐकू नकोस. कंबर धरेल, धरू दे. दोन दिवस चिखलात उभी राहा, रोपांच्या मुठी फेक, ओळ वाकडी गेली तर शिव्या खा. दुसऱ्या दिवशी काकू तुला 'राहू दे' म्हणणार नाही, 'आटप' म्हणेल.

तुझ्या मनात गावाचं एक चित्र आहे, जिथून तू खाली पडलीस. तसं गाव आता कुठे आहे? पोरं सुरत-वापीला कामाला जातात, लग्नात पावरीच्या जोडीला डीजे असतो, बोरगाव-हातगडच्या रस्त्याला थंडीत स्ट्रॉबेरीच्या पाट्या घेऊन बायका बसतात. ती स्ट्रॉबेरी काही तुझ्या पणजीने लावली नव्हती. कणसरीची कथा निम्मीच समजते हे फक्त तुझंच होत असेल असं वाटतं का तुला? गावात राहिलेल्या तुझ्या वयाच्या पोरांना विचार. त्यांनाही निम्मीच समजते, फक्त त्यांना त्याबद्दल कुणी 'मॅडम' म्हणत नाही.

आजोबांची ती थाळी आता कुणाकडे आहे? मी ते वाद्य जवळून ऐकलं आहे. काशाची थाळी, तिच्या मध्यावर मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक काडी. सांगणारा चिमटीत धरून ती काडी वरून खाली ओढत राहतो, आणि थाळीतून एक लांब घुमणारा सूर निघतो, न तुटणारा. त्या सुरावर तो कणसरीला, धान्याच्या त्या आईला, बोलावत रात्रभर कथा लावतो. ऐकणारी माणसं हुंकार देतात, मध्येच डुलकी घेतात, पोरं आडवी होतात. म्हणजे मांडीला टेकून झोपणं ही कथा ऐकण्याची रीतच होती. तू ती चुकवली नाहीस. पुढच्या वेळी गावात कथा लागेल तेव्हा रजा काढून जा आणि रात्रभर बस. निम्मी समजली तर निम्मी. सकाळी सांगणाऱ्याला चहा नेऊन दे आणि जो भाग कळला नाही तो विचार. विचारणारं कुणी आलं की म्हातारी माणसं खुलतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे भाये, म्हणजे त्याचं व्रत करणारे, फिरतील तेव्हाही गावात असशील असं बघ. तिथे जाऊन तुला काही सिद्ध करायचं नाही, फक्त तिथे असायचं आहे.

९ ऑगस्टच्या रॅलीत कडेला उभी राहिलीस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. गर्दीत सगळ्यांना नाचता येत नाही. शहरातल्या अशा कार्यक्रमांत तुला दोन तऱ्हेची माणसं भेटतील. एक म्हणेल तुम्ही हिंदूच, दुसरा म्हणेल तुम्ही हिंदू नाहीच, आणि दोघेही तुला आजच्या आज बाजू घ्यायला सांगतील. तुझ्या घरात वाघबारसेला वाघदेवाला नैवेद्य जातो, भाद्रपदात गणपतीही बसत असेल, चैत्रात कुणी सप्तशृंगीला चालत जात असेल. घरातली माणसं हे सगळं एकत्र करत आली, त्यांना कुणापुढे खुलासा द्यावा लागला नाही. तुलाही घाई नाही. वाच, ऐक, आणि मत व्हायचं तेव्हा होऊ दे.

तुझं गाव हद्दीवरचं आहे, म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि डांग गुजरातेत गेला. रेघ पडली ती तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून. कोकणा जमात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. मुली तिकडे दिल्या, सुना इकडे आल्या, बाजार जवळ पडेल तिथला केला. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातली हद्दीवरची गावं 'आम्हाला गुजरातेत घाला' म्हणाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना धक्का बसला. पण त्या गावांचं म्हणणं साधं होतं: पलीकडे रस्ता आहे, दवाखाना आहे, पाणी आहे, आम्हाला का नाही? त्यात 'आम्ही मराठी की गुजराती' हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता. साठ वर्षं दोन राज्यांच्या मध्ये राहून त्यांचं आपलेपण कधी हरवलं नाही, कारण ते नकाशावर अवलंबून नव्हतं. कोण कुणाचा मामा, कुणाच्या मयताला कुणी जायचं, कुणाच्या आवणीला कुणी हात लावायचा, यावर ते होतं.

तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे जे उत्तर आहे ते हेच. तू कुठली, हे आडनाव, बोलीतले शब्द किंवा अंगावरचे कपडे बघून ठरत नाही. तू कुणाची, कुणासाठी धावून जातेस आणि कुणासमोर कुणाला आपलं म्हणतेस, यावर ते ठरतं. इंदिरानगरही तुझं होऊ शकतं, बँकेतली मैत्रीणही तुझी होऊ शकते. नाशिकमध्ये तू दहावीनंतरची सगळी वर्षं काढलीस, हे शहर तुझं नाही असं तुला कुणी म्हणू शकत नाही. दोन्हीकडे पाय ठेवून जगणारी माणसं अवघडलेली असतात हे खरं, पण तुला अवघडल्यासारखं होतंय ते दोन घरं आहेत म्हणून नाही. एक घर लपवून ठेवलंय म्हणून.

त्या मुलाचं थोडक्यात. त्याला सांग, आणि लवकर सांग. लग्नाची गोष्ट निघायच्या आधी, घरच्यांची भेट ठरायच्या आधी. तू त्याला 'मी मराठा' असं म्हणाली नाहीस, त्याने तसं धरून चाललं आणि तू धरू दिलंस. इथपर्यंत निभावण्यासारखं आहे, पण जितका उशीर करशील तितकं ते फसवणुकीकडे झुकेल. सांगताना माफीच्या सुरात सांगू नकोस, तुझा गुन्हा नाही. 'आम्ही कोकणा आदिवासी, आई-वडील शेती करतात, आई मोर्चात मुंबईला चालत गेली होती' असं सांग. 'मला चालेल, पण घरी आत्ता बोलायला नको' असं तो म्हणाला, तर नीट विचार कर. थोडा वेळ मागत असेल तर दे. कायमचं लपवून ठेवायला सांगत असेल तर तो तुला आणखी एका जिन्यात उभं करणार आहे. आणि हे आईलाही त्याच खेपेत सांगू नकोस, आधीची गोष्ट मिटू दे.

राहिल्या घरमालकीण काकू. डोळ्याच्या तपासणीला आईला पुन्हा यावं लागेलच. तारीख केस पेपरवर असेल, ती बघून रजा टाक. तिला निमाणी बसस्टँडला उतरवून घ्यायला स्वतः जा, 'रिक्षा करून ये' म्हणू नकोस. तिने नेहमीचंच लुगडं नेसू दे, फडकीही असू दे, आणि तू मुद्दाम नवी साडी आणून तिला नेसायला लावू नकोस. घरी आल्यावर वर जायच्या आधी काकूंच्या दारावर टकटक कर आणि म्हण, 'काकू, ही माझी आई. मागच्या वेळी मी तुम्हाला नीट सांगितलं नाही.' आईला हे आधी सांगून ठेव, नाहीतर ती पुन्हा तुला वाचवायला जाईल.

काकू बहुतेक 'अगं, मग बोलली का नाहीस, या ना आत' म्हणतील. मला तरी तसं वाटतं, माणसं आपण भीतीने रंगवतो त्याहून बरी निघतात. नाहीच निघाली आणि आठ-पंधरा दिवसांत खोलीबद्दल काही कुरबूर सुरू झाली, तर तुझा करार काढून वाच, त्यात किती दिवसांची नोटीस लिहिली आहे ते बघ आणि तेवढे दिवस हक्काने राहा. त्या काळात दुसरी खोली शोध. नव्या ठिकाणी पहिल्याच भेटीत सांग की आई अधूनमधून येऊन राहील.